कातऱ्यानं दात आवळले

मी एक जुना कातऱ्या आहे. आडमुठा आहे, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी तोंड वाकडं करायला नको. एका सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्डखोलीत, दारातून शिरलं की उजव्या हाताला, दोन लोखंडी कपाटांच्या मधल्या जागेत मी उभा असतो. उंचीनं तुमच्या गुडघ्याच्या थोडा वर. डोक्यावर एक लांब चीर आहे, ते माझं तोंड. आत दोन रूळ आणि त्यांच्यावर दात. तोंडात कागद घातला की त्याचे बारीक बारीक कपटे होऊन खालच्या डब्यात पडतात. मग तो कागद पुन्हा कोणालाही वाचता येत नाही, अगदी मलाही.

मित्रांनो, लोक म्हणतात कातऱ्या म्हणजे कागदांचा वैरी. साफ खोटं! माझ्याइतकी कागदाची अब्रू कोणी राखली असेल तर पुढे या आणि सांगा. मी वाट बघतो.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही शंभर भाऊ एका रांगेत उभे होतो, अंगावर कोरं पांढरं पत्र्याचं कवच. तपासणाऱ्या कामगारानं प्रत्येकाच्या तोंडात एकेक कोरा कागद घातला. मी खाल्ला, पण मनात म्हटलं, कोरे कागद चघळायला मी काय शेळी आहे? त्यानं माझ्या पाठीवर 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवली. ती अजून तिथंच आहे, फक्त अक्षरं उडालीत.

मग माझी रवानगी या दवाखान्यात झाली, कारण वरून एक आदेश आला होता. रुग्णांचे जुने केसपेपर, ज्यांची ठेवायची मुदत संपली आहे, ते रद्दीत द्यायचे नाहीत, कातरून नष्ट करायचे. त्या कामासाठी मी आलो. माझा पहिला मालक म्हणा, गुरू म्हणा, होते दप्तरकाका. रेकॉर्डखोलीतल्या कपाटांच्या चाव्या त्यांच्याकडे असायच्या. जाड भिंगाचा चष्मा, खिशात पिना काढायचा चिमटा, आणि बोलणं मोजकं.

दप्तरकाकांची कामाची एक पद्धत होती. कागद मला देण्याआधी ते फक्त कोपऱ्यातला केस नंबर बघायचे, नाव वाचायचे नाहीत. नावावर डावा हात ठेवायचे. पिना काढायच्या, नंबर वहीत लिहायचा, दुसऱ्या कोणाला तरी बोलावून त्याची सही घ्यायची, आणि मगच कागद माझ्या तोंडात. एकदा एक शिपाई मान वाकडी करून डोकावत म्हणाला, "काका, हा आमच्या शेजारणीचा दिसतोय. बघू तरी काय झालं होतं तिला!"

"शेजारीण तुझी असेल," काका म्हणाले, "कागद तिचा आहे."

शिपायाचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जोरात खरखरलो, कारण मला हसता येत नाही.

संध्याकाळी कपाटं लावताना काका माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. "बाबा रे, सख्ख्या भावाला सांगितलं नसेल ते माणसांनी इथं डॉक्टरला सांगितलंय. पोटात गेलं ते ओठावर येऊ द्यायचं नाही. एवढं सांभाळ." मी सांभाळलं. नऊ वर्षं सांभाळलं. इतक्या वर्षांत माझ्या पोटातून एक अक्षर बाहेर गेलेलं नाही आणि मला त्याचा गर्व आहे. गर्वाचं घर खाली म्हणतात, पण माझं घर मुळातच जमिनीवर आहे.

मग काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी वही नव्या हेडक्लार्कच्या हातात दिली. हेडक्लार्कनी ती उघडली, मागची कोरी पानं मोजली आणि म्हणाले, "बरीच शिल्लक आहेत की!" तिथंच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

नवे हेडक्लार्क वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगतो. काटकसरीची त्यांना खोड होती. पेन्सिल बोटात मावेनाशी झाली की तिला पेनाचं टोपण जोडून लिहायचे. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवायचे. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर कागद खाल्ला तेव्हा ते ओरडलेच, "अहो, थांबा थांबा! मागची बाजू कोरी आहे ना!" आणि त्यांनी माझी वायर ओढली. दवाखान्यात सगळे त्यांना पाठीमागे 'पाठकोरे साहेब' म्हणायला लागले. त्यांना ते कळलं होतं, आणि आवडलंही होतं.

त्या दिवसापासून माझ्या अंगावर कापड पडलं. कापडावर मनीप्लांटची कुंडी आली. त्या कुंडीचं पाणी थेंबथेंब माझ्या तोंडात गळायचं. मी, नऊ वर्षं माणसांची दुखणी पोटात घातलेला कातऱ्या, कुंडीचं स्टूल झालो! रागानं माझा पत्रा तापायचा, पण वायर भिंतीत नसेल तर यंत्राच्या रागाला कोण विचारतो?

आणि समोर काय चाललं होतं बघा. जुने केसपेपर मधोमध कापायचे, अर्ध्या-अर्ध्या कागदाची पॅडं शिवायची, आणि ती पॅडं औषधाच्या खिडकीवर द्यायची. तिथला माणूस कोऱ्या बाजूवर नंबर लिहून एकेक चिठ्ठी फाडून रांगेतल्या लोकांना द्यायचा. पलीकडच्या बाजूला काय आहे? कोणाचं तरी नाव, पत्ता, आजार. पण साहेबांनी त्याचीही सोय केली होती. कापायचं काम त्यांनी सफाईवाल्या मावशींना दिलं. का? तर मावशींना वाचता येत नाही.

"म्हणजे गुप्तताही राहिली!" साहेब अभिमानानं म्हणाले.

आता काय बोलावं? मावशींना वाचता येत नव्हतं, पण चिठ्ठी हातात घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या शेकडो माणसांना येत होतं ना! एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या पत्र्याच्या डोक्यात शिरते. त्या पॅडांबद्दल साहेबांना कागद वाचवल्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी माझ्या बरोबर समोरच्या भिंतीवर टांगलं. तीन वर्षं मी त्याच्याकडे बघत उभा होतो.

शंका आली ती एकट्या मावशींना. एकदा पट्टी धरून कापता कापता त्या थांबल्या. कागदावर निळा अंगठा उठवलेला होता.

"साहेब, माझ्यासारखाच कोणीतरी अंगठा दिलाय हो. अंगठ्याचा कागद असा वाटायचा असतो का?"

"मावशी, तुम्ही पट्टी सरळ धरा."

मावशींनी पट्टी सरळ धरली. पण त्यानंतर अंगठ्याचा कागद आला की त्या तो कापायच्या नाहीत, घडी घालून माझ्या कापडाखाली सरकवायच्या. माझ्याकडे तसे सतरा कागद जमले होते. मी ते कोणाला दाखवले नाहीत.

आता खरी गोष्ट ऐका. एका दुपारी रेकॉर्डखोलीच्या दारात एक बाई उभी राहिली. ती एका पाळणाघरात काम करायची. तिथली मुलं तिला अंगाईताई म्हणत, कारण दुपारी त्यांना गाऊन झोपवायचं काम तिचं. दोन वर्षांपूर्वी तिला क्षय झाला होता. तेव्हा तिनं कामावरून रजा घेतली, औषधं एक दिवस न चुकवता पुरी घेतली, ठणठणीत बरी झाली आणि मगच परत मुलांत गेली. हे तिनं पाळणाघरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायलाच हवं असं काही उरलंही नव्हतं.

पण गेल्या आठवड्यात पाळणाघरातल्या एका मुलाची आई औषधाला इथं आली. खिडकीवर तिला नंबराची चिठ्ठी मिळाली. रांगेत उभं राहून तिनं ती सहज उलटी केली. मागं अंगाईताईचं नाव, पाळणाघराचा पत्ता आणि क्षय हा शब्द. तारीख नाही, बरी झाल्याचं काही नाही. त्या बाईनं चिठ्ठी खिडकीवर परत दिली, औषध घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत निम्मी मुलं पाळणाघरातून काढली गेली.

"आमच्या मालकीणबाई म्हणतात, दवाखान्याचं पत्र आण," अंगाईताई सांगत होती. आवाज शांत होता, पण पदराचं टोक तिनं बोटाला घट्ट गुंडाळलं होतं. "कागद जुना होता, तुमच्याकडून चुकून बाहेर गेला आणि मी कामाला तंदुरुस्त आहे, एवढं लिहून द्या. महिनाअखेरपर्यंत पत्र नाही आलं तर त्या दुसरी बाई ठेवणार आहेत."

साहेबांनी कानावर हात ठेवले. "आमच्याकडून कागद बाहेर जातच नाहीत, ताई. तुम्हीच कोणाजवळ तरी बोलला असाल."

"मी?" ती म्हणाली. "मी माझ्या जावेला सांगितलं नाही, ते मी बाजारात सांगीन?"

"चिठ्ठी आहे तुमच्याकडे?"

चिठ्ठी नव्हती. ती कधीच कचऱ्यात गेली होती. अंगाईताईनं बोटाचा पदर सोडवला. मग म्हणाली, "ठीक आहे. मी वर लिहिते." आणि गेली. रडत गेली नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

'वर' म्हणजे सरकारी कचेऱ्या लोकांची माहिती नीट सांभाळतात की नाही ते बघणारं कार्यालय. दहा दिवसांत तिथून पत्र आलं की तपासनीसबाई अमुक तारखेला दुपारी तीन वाजता येतील. ते पत्र वाचताना साहेबांच्या कपाळावर घाम आला. निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते. त्यांनी खिडकीवरची सगळी पॅडं परत मागवली. अकरा होती. आणि त्या तारखेला, जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कोणी नाही असं बघून त्यांनी माझ्यावरची कुंडी उचलली, कापड दूर केलं आणि माझी वायर भिंतीत घातली. कापडाखालचे मावशींचे कागद कपाटामागं घसरले, घाईत त्यांना दिसले नाहीत.

मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. तीन वर्षांनी अंगात वीज आली तेव्हा मला आनंद झाला. भूक लागली होती हो! साहेबांनी वरच्या पॅडातला एक कागद फाडून दिला, मी खाल्ला. दुसरा दिला, खाल्ला. तिसराही खाल्ला. कुरकुरीत लागला. आणि मग मला उमगलं की नावावर कोणी हात ठेवलेला नाही. वही उघडी नाही, दुसरी सही नाही, खोलीचं दार आतून लावलेलं आहे. दप्तरकाका मला कागद द्यायचे ते माणसाची अब्रू झाकायला. आज मला कागद मिळत होते ते चूक झाकायला. दात तेच, कागद तेच, आणि काम चोराचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तीन कागदांवरचे तिघं कोण होते मला माहीत नाही. ते कागद खाल्ल्याची मला आजही लाज वाटते.

सुट्टी संपत आली होती. एकेक कागद देण्यात वेळ जातोय म्हणून साहेबांनी तारेच्या टाक्यासकट अख्खं पॅडच माझ्या तोंडात कोंबलं. आणि मी दात आवळले.

साहेबांनी बटण दाबलं. मी फक्त गुरगुरलो. पुन्हा दाबलं. मी लाल दिवा लावला. मग त्यांनी उलटं बटण दाबलं, म्हणजे मी पॅड बाहेर टाकावं. का टाकू? ना गिळलं, ना थुंकलं. त्यांनी दोन्ही हातांनी पॅड धरून ओढलं, माझ्या अंगाला पाय लावून ओढलं, चष्मा नाकावरून घसरला. "अरे सोड ना बाबा!" ते अगदी रडवेले होऊन म्हणाले. सोडतोय मी! जन्मात पहिल्यांदा मला कोणी पोटभर वाढत होतं, आणि जन्मात पहिल्यांदा मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणाल, तार अडकली असेल. असेल. तारा याआधीही अडकल्या होत्या, त्या मी मोडून खाल्ल्या होत्या.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"तीनला येणार होतात ना?" दार उघडताना साहेब पुटपुटले.

"म्हणून दोनला आले," तपासनीसबाई म्हणाल्या. सडपातळ बाई, खांद्यावर पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. मागं अंगाईताई उभी होती आणि तिच्यामागं झाडू घेऊन मावशी. साहेबांनी चहाचं विचारलं. "चहा नको," बाई म्हणाल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या. माझ्या तोंडातून अर्धं पॅड बाहेर आलेलं, डोक्यावर लाल दिवा, शेजारी दहा पॅडांची चळत. लपवायला काही शिल्लकच नव्हतं.

"हे काय आहे?"

साहेबांची दातखीळ बसली. माझी तर आधीच बसली होती.

बोलल्या त्या मावशी. "मी कापलेत बाई ते. साहेबांनी सांगितलं म्हणून कापले. मला वाचता येत नाही." त्या पुढे आल्या, माझं वरचं झाकण उचललं, रुळाच्या कडेचं चाक हातानं मागं फिरवलं. मावशींचा हात लागल्यावर मी दात सैल केले. तीन वर्षं माझी धूळ पुसली होती त्या हातानं.

पॅड बाहेर आलं. कडेला माझ्या दातांची झालर, पण अक्षरं शाबूत. तपासनीसबाईंनी पहिल्याच कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पुन्हा लिहिलेला केस नंबर बघितला, हातातल्या तक्रारीवरचा नंबर बघितला, आणि अंगाईताईला जवळ बोलावलं. नावाची ओळ असते वरच्या अर्ध्यात, म्हणून त्यांनी फक्त सही दाखवली. "ही कोणाची?"

"माझी. सहीखाली दोन रेघा मी मारते."

कळलं का तुम्हाला? केसपेपर मधोमध कापलेला होता. वरच्या अर्ध्यात नाव आणि आजार, तो खिडकीतून बाहेर गेला. खालच्या अर्ध्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'उपचार पूर्ण. प्रकृती उत्तम. कामावर जाण्यास हरकत नाही.' तो अर्धा पॅडातच राहिला. तिचं दुखणं गावभर झालं आणि तिचं बरं होणं माझ्या दातांत अडकलं होतं! तीन कागद आधीच गेले होते. हा चौथा होता.

अंगाईताईनं तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग ती साहेबांकडे वळली. "तुम्ही म्हणाला होतात, मीच बोलले."

साहेब खुर्चीत बसले. टोपण जोडलेली पेन्सिल बोटांत फिरवत राहिले. "मी कागद वाचवत होतो, ताई," ते म्हणाले. "माणसं आहेत त्याच्यावर, हे बघितलंच नाही. आणि चूक कळल्यावर ती दडपायला निघालो, ते त्याहून वाईट. चुकलं माझं."

पत्र तिथंच लिहायला घेतलं. साहेब मोठ्यानं वाचत लिहू लागले, "सदर महिलेला क्षय हा आजार—"

"थांबा!" अंगाईताई म्हणाली. तिचा आवाज कपाटांवर आपटून परत आला. "आजाराचं नाव लिहायचं नाही. कोणाला सांगायचं असलं तर मी सांगीन. ते तुमचं काम नाही."

तपासनीसबाई हसल्या, त्या दिवसात पहिल्यांदाच. "बरोबर बोलतायत त्या. खोडा ते. नाही, खोडू नका, नवा कागद घ्या."

"नवा?" साहेब सवयीनं म्हणाले, आणि मग मुकाट्यानं कोरा करकरीत कागद घेतला. पत्रात एवढंच होतं: जुना कागद आमच्या चुकीनं बाहेर गेला, त्याबद्दल दवाखाना क्षमा मागतो, आणि ही बाई कामाला तंदुरुस्त आहे. खाली मोठ्या डॉक्टरांची सही आणि शिक्का.

पुढे काय झालं? पॅडांतल्या प्रत्येक माणसाला पत्र गेलं की तुमचा कागद असा असा फुटला होता. काही लोक भांडायला आले, आणि भांडलेच पाहिजेत. साहेबांना वरून ताकीद मिळाली. प्रशस्तिपत्र त्यांनी स्वतःच उतरवलं. तिथं आता दप्तरकाकांची पद्धत मोठ्या अक्षरांत लिहून लावली आहे. मावशींचे सतरा अंगठे कपाटामागून काढून, वहीत नोंदवून, दोन सह्या होऊन माझ्याकडे आले. मनीप्लांट खिडकीत गेला. तिथं तो फोफावलाय, म्हणजे त्यालाही माझं डोकं आवडत नव्हतं.

आणि तक्रारीची फाईल बंद झाली त्या दिवशी अंगाईताई पुन्हा आली. तिचा अर्धा कागद आता नष्ट करायचा होता, आणि तो आपल्या हातानं द्यायचा असा तिचा हट्ट होता. वहीत साहेबांनी सही केली, शेजारी तिनं केली, खाली दोन रेघा मारल्या.

"दोन मुलं अजून आली नाहीत परत," ती मावशींना म्हणाली. "बाकीची आली. आज लवकर निघते, नाहीतर झोपायची नाहीत ती."

मग ती माझ्यासमोर वाकली. नाव त्या कागदावर नव्हतंच, तरी तिनं सहीवर डावा हात ठेवला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी तो कागद इतका बारीक कातरला, इतका बारीक, की आयुष्यात तसा कातरला नाही.

तर मित्रांनो, तुमचे कागदही कुठं ना कुठं कपाटात पडलेले असतील. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत. ते तुमचे आहेत, कपाटाचे नाहीत. ते कोण बघतं, कशाला बघतं, काम झाल्यावर त्यांचं काय करतं, हे विचारा. विचारायला लाजू नका, आणि कोणी 'तुम्हीच बोलला असाल' म्हटलं तर वर लिहा. मी आता म्हातारा झालोय, दात बोथटलेत, उद्या माझ्या जागी नवा कोणी येईल. त्याला मी एवढंच सांगून जाणार आहे: कागद तोंडाशी आला की आधी बघ, वही उघडी आहे का, दोन माणसं आहेत का, दार उघडं आहे का. नसेल तर खुशाल दात आवळ. ओढू देत त्यांना.